आवाजाला पडलेली भोकं

आमच्या कानसेनांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हे मी त्यांच्या तोंडावर शंभरदा बोललेय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. लिफ्ट मधेच अडकेल म्हणून ते सहा मजले चढून यायचे आणि वर आल्यावर धाप लागली की त्या धापेलाच घाबरायचे. घरून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचे आणि स्टुडिओत पोचल्यावर वहिनींना फोन करून चौथ्यांदा बघायला लावायचे. कुत्री, पोलीस, डॉक्टर, सही करायचा कुठलाही कागद आणि आमचे साहेब, म्हणजे दिग्दर्शक, एवढ्यांपुढे त्यांची बोबडी वळायची.

कान मात्र असे की विचारू नका. सोळाव्या वर्षी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले, तिथून नाटकांच्या माइकवर, तिथून सिनेमात. जिन्यातल्या पावलांवरून कोण येतंय ते सांगायचे. माझ्या संकलनाच्या खोलीतली ट्यूबलाइट जाणार हे त्यांनी दोन दिवस आधी सांगितलं होतं, नुसतं तिचं गुणगुणणं ऐकून. म्हणून ते कानसेन. मी काटछाट करणारी, म्हणून ते मला कात्री म्हणायचे. वयाने माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे, पण एकमेकांच्या डब्यात न विचारता हात घालण्याइतकं आमचं जमलेलं होतं.

त्या वर्षी आम्ही देशातल्या सगळ्यात वेगवान धावपटूंवर आठ भागांची मालिका करत होतो. शर्यत काय, सगळेच बघतात. आम्हाला शर्यतीच्या मागचं दाखवायचं होतं. सरावानंतरच्या उलट्या, बर्फाच्या टबात बसून घातलेल्या शिव्या, मालिशच्या टेबलावर तोंड लपवून केलेली रडारड. त्यासाठी सहा धावपटूंच्या अंगावर दिवसभर छोटे बिनतारी माइक असायचे. अंगावर माइक आहे हे माणूस अर्ध्या तासात विसरतो. मग कानसेनांच्या हेडफोनमध्ये काय काय यायचं याला सुमार नव्हता. कुणाचं घरचं भांडण, कुणाचं मोडलेलं प्रेम, एकाचं तर संडासात बसून आईला फोन करणं. कॅमेरा बंद असताना कानात आलं ते कानातच राहणार, हा कानसेनांचा नियम. मी खोदून खोदून विचारलं तरी ते 'बॅटरी बघतो हं' म्हणत उठून जायचे. धावपटूंना ते कळलं होतं, म्हणून त्यांचा कॅमेऱ्यापेक्षा या माणसावर जास्त विश्वास.

त्यांच्यात एक लवंगी होती. शंभर मीटरवाली, वय बावीस, उंची बेताची आणि जीभ तिखट. हे नाव तिच्या मास्तरांनी ठेवलेलं. मास्तर म्हणजे तिचे प्रशिक्षक, अकराव्या वर्षापासून तिला पळवणारे.

साहेबांच्या डोक्यात एक दिवस आलं की आपल्याला तिचे हृदयाचे ठोके हवेत. ब्लॉकवर, म्हणजे सुटताना पाय रेटायच्या फळीवर, वाकलेली मुलगी, आजूबाजूला चिडीचूप, आणि फक्त तिचे ठोके. "बघणाऱ्याच्या छातीत धडधडलं पाहिजे," ते म्हणाले. कानसेनांनी डॉक्टरांच्या नळीची चकती आणली, तिच्यात मुगाच्या दाण्याएवढा माइक बसवला आणि चिकटपट्टीसकट लवंगीच्या हातात दिली. ती कपड्यांच्या आत स्वतःच लावायची. तेवढा वेळ हे भिंतीकडे तोंड करून उभे.

"झालं का गं?"

"काका, कधीच झालं. वळा आता. भिंत काय पळून चाललीय?"

ठोके सुरेख यायचे. फक्त मधे मधे भोकं पडायची. भोक म्हणजे आवाज तुटणं. बिनतारी माइकचं हे जुनं दुखणं आहे, सिग्नल क्षणभर गेला की आवाजाला भोक पडतं. धडधड, धडधड चाललेलं, आणि मग काही नाही. दीड सेकंद, कधी दोन. मग एकदम पाच-सहा ठोके एकावर एक, आणि पुन्हा नीट.

"कानसेन, तुमचं यंत्र म्हातारं झालं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. कानसेनांची मान खाली गेली. त्यांनी बॅटरी बदलली, तार बदलली, शेवटी सेटच नवा घेतला. भोकं तशीच.

मग मी म्हटलं, द्या इकडे. साहेबांना श्वास, कपड्यांची खसखस असलं काही नको होतं, नुसते ठोके हवे होते. ते सगळं मी गाळून टाकलं. मग शेजारचे चांगले ठोके उचलून भोकांमध्ये बसवले. दहा मिनिटांचं काम. पहिल्या तीन भागांत मी अशी किती भोकं बुजवली ते मोजलं नाही, पण शिवण कुठे दिसत नव्हती आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

"माझी लाज राखलीस कात्री," कानसेन म्हणाले.

निवडीची अंतिम शर्यत एका रविवारी होती, सकाळी सव्वाअकराला. पहिल्या तिघी मोठ्या स्पर्धेसाठी परदेशी जाणार. लवंगी दुसऱ्या किंवा तिसऱ्या नंबरात येईल असं सगळे म्हणत होते. त्याआधीच्या गुरुवारी मला वहिनींचा, म्हणजे कानसेनांच्या बायकोचा, फोन आला.

"अगं, यांना काय झालंय? दोन दिवस घरभर सगळ्यांच्या छातीला ती चकती लावत फिरतायत. मला लावली, माझ्या आईला लावली. आज इस्त्रीवाल्याला आत बोलावून शर्ट काढायला लावला. तो बिचारा इस्त्रीचे कपडे टाकून पळाला."

मी हसले. वहिनीही हसल्या, पण मग म्हणाल्या, "जेवत नाहीयेत गं धड."

शुक्रवारी दुपारी कानसेन माझ्या खोलीत आले. दार लावलं, कडी घातली. चेहरा पांढराफटक.

"मूळचा आवाज लाव," ते म्हणाले. "तू साफ करायच्या आधीचा. कुठल्याही दिवसाचा."

मी लावला. धावून आलेली लवंगी, धापा, कपड्यांची खसखस, आणि खाली ठोके. मग भोक आलं.

"आता काय ऐकू येतंय?"

"काही नाही. भोक आहे."

"नीट ऐक कात्री."

मी मागे नेऊन पुन्हा लावलं. भोक आलं आणि त्या भोकात लवंगीचा श्वास चालू होता. खसखस चालू होती. लांबून मास्तरांची शिट्टीसुद्धा येत होती. फक्त ठोका नव्हता.

"सिग्नल गेला तर सगळंच जातं ना," कानसेन म्हणाले. "श्वास कसा राहील? मी पस्तीस वर्षं हे काम करतोय आणि मला हे कळलं नाही. माझं यंत्र घरात सगळ्यांच्या छातीवर लावलं. कुणाला भोक नाही. यंत्राला काही झालेलं नाहीये गं."

आम्ही एकामागून एक दिवस लावत गेलो. मार्चमधलं भोक दीड सेकंदाचं होतं, मेमधलं दोनचं, आणि या आठवड्यातलं पावणेतीन सेकंदांचं.

मी तरीही म्हटलं, "खेळाडूंची हृदयं वेगळी असतात म्हणे. सावकाश चालतात. आपण काय डॉक्टर आहोत?"

"तेच तर," ते म्हणाले. "आणि माझं चुकलं असलं तर? मी बोलायचो, तिला थांबवतील, तपासण्या होतील, काही निघणार नाही आणि शर्यत जाईल. अकरा वर्षं पळतेय ती या रविवारसाठी."

"आणि चुकलं नसलं तर?"

त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि न पिताच खाली ठेवली.

आम्ही साहेबांकडे गेलो. कानसेन माझ्या मागे उभे राहिले, एवढा आडदांड माणूस माझ्या खांद्याआड. साहेबांनी ऐकलं. त्यांचाही रंग उतरला, ते मला दिसलं. पण ते म्हणाले, "आपण सगळ्यांनी सही केलीय. धावपटूंच्या कामात ढवळाढवळ करायची नाही आणि टिपलेलं काही बाहेर द्यायचं नाही. त्यांचे डॉक्टर आहेत ना? ते बघतील. तुम्ही ध्वनिमुद्रक आहात कानसेन. रविवार होऊ दे. सोमवारी मी स्वतः बोलतो."

सोमवारी. तो शब्द ऐकून मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. माझ्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी दोन दिवस पुढे ढकललं होतं. शनिवारी मी भाजी आणली, मुलाचा अभ्यास घेतला आणि दर अर्ध्या तासाने मनगटावर बोट ठेवून स्वतःची नाडी बघत राहिले. कानसेनांनी दिवसभरात मला नऊ फोन केले. नवव्या फोनला ते काही बोललेच नाहीत, आणि मीही फोन ठेवला नाही.

रविवारी स्टेडियममध्ये साडेदहाच्या सुमाराला ऊन चढलं होतं. मुख्य ट्रॅकच्या मागे सरावाची पट्टी, तिच्या कडेला लाकडी बाक. कानसेन बाकावर रेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले होते. मला तिथे काही काम नव्हतं, तरी मी गेले होते. लवंगी समोर गुडघे वर उचलत पळत होती. छातीवर सतरा नंबर. आम्हाला बघून तिने जीभ काढून दाखवली.

कानसेनांनी दुसरा हेडफोन माझ्या हातात दिला.

पहिली दहा मिनिटं सगळं नीट चाललं. मला वाटलं, सुटलो. मग तिने ब्लॉकवरून तीस मीटरची एक जोरदार धाव घेतली, थांबली, कमरेवर हात ठेवून परत चालायला लागली. ठोके धाडधाड येत होते. आणि थांबले.

एक. मी मनात मोजत होते. दोन. श्वास येत होता, पट्टीवर वाजणारे बुटांचे खिळे येत होते. तीन. समोर लवंगी चालता चालता जागीच उभी राहिली आणि तिने पट्टीच्या कठड्याला हात टेकला. तिच्या माइकमधून तिचाच आवाज आला, अगदी हळू, स्वतःशीच. "नको ना. आज नको. आजच्या दिवस."

मग ठोके परत आले, एकावर एक, दारावर कुणी बुक्क्या माराव्यात तसे. लवंगी सरळ झाली. मास्तरांनी लांबून विचारलं, "काय गं?" तिने अंगठा वर करून दाखवला.

मी कानसेनांकडे बघितलं. ते उठले होते. रेकॉर्डर चालू असताना जागा सोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. या वेळी त्यांनी तो गळ्यात तसाच लटकवला आणि चालायला लागले. मी मागोमाग.

"कुठे निघालात?"

"माहीत नाही," ते म्हणाले. पण त्यांना माहीत होतं. स्टँडच्या खाली डॉक्टरांची खोली होती, दारावर लाल फुली. तिच्या दारात ते थांबले. मला वाटलं, आता फिरणार मागे. त्यांनी दार ढकललं.

आत मैदानावरच्या डॉक्टरीणबाई बिस्किट खात बसल्या होत्या. "काय लागलंय?" त्यांनी विचारलं.

कानसेनांनी तोंड उघडलं. "मी... आवाज... त्या मुलीचा..." एवढंच. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी कानसेनांनी स्वतःचे हेडफोन काढले, त्यांच्या कानांवर घातले आणि रेकॉर्डर दोन मिनिटं मागे नेला.

त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. डोळे मिटले. तो तुकडा त्यांनी दोनदा ऐकला.

"हे यंत्राचं नाही?"

"नाही," कानसेन म्हणाले. आता शब्द नीट आला.

"कोण आहे ही?"

कॅमेरा चालू नसताना कानात आलेलं कानातच. मी त्यांचा नियम जाणत होते, आणि सही केलेला कागदही. ते घसा खाकरून म्हणाले, "सतरा नंबर. अकरा वाजून पंधरा मिनिटांची शर्यत. लवकर करा."

पुढची वीस मिनिटं मला तुटक आठवतात. लवंगीला बोलावलं. ती हसतच आली, आम्हाला बघून हसू गेलं. टेबलावर आडवी, छातीवर तारा, यंत्रातून कागदाची पट्टी सरकत बाहेर. मास्तर दारातून ओरडत होते, "वेड लागलंय का तुम्हाला? अर्ध्या तासावर शर्यत आहे!" डॉक्टरीणबाई पट्टी बघत होत्या. त्यांनी ती मास्तरांच्या हातात दिली आणि एका जागी बोट ठेवलं. मास्तरांना त्यातलं काही कळत नसणार, पण सरळ रेघ कुणालाही कळते. ते खुर्चीत बसले.

"आज पळायचं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज काय, पुढचं सांगेपर्यंत जिनासुद्धा चढायचा नाही. मी गाडी बोलावतेय."

"अकरा सेकंद," लवंगी म्हणाली. "डॉक्टर, फक्त अकरा सेकंद. मग मी कुठेही येते. तुम्ही म्हणाल तिथे."

"त्या अकरा सेकंदांत मरशील."

बाहेर भोंग्यावरून अंतिम फेरीच्या मुलींची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

लवंगी उठून बसली. रडली नाही. मला तिच्या रडण्याची भीती वाटत होती, पण जे झालं ते जास्त भयंकर होतं. ती शांतपणे म्हणाली, "मला माहीत होतं काहीतरी आहे. एप्रिलमध्ये भोवळ आली होती. कुणाला सांगितलं नाही. तपासायला जाणार होते, डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती."

"मग गेली का नाहीस?" मास्तर ओरडले.

तिने कानसेनांकडे बोट दाखवलं. "यांनी आम्हाला पहिले तीन भाग दाखवले ना, परवानगीसाठी. त्यात माझं हृदय ऐकवलं होतं. मी चार वेळा मागे नेऊन ऐकलं. एकदम नीट चाललं होतं. एक ठोका इकडचा तिकडे नाही. म्हटलं, मला काही झालेलं नाही, मी उगाच घाबरतेय. आणि मी वेळ रद्द केली."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

"काका," ती म्हणाली, "ते माझंच होतं ना?"

कानसेनांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघावं असं मला वाटत होतं, आणि बघू नये असंही.

"तुझंच होतं," ते म्हणाले. "पण मधे भोकं होती. मला वाटलं, यंत्राची आहेत. मी ती बुजवली. माझी चूक झाली बाळा."

लवंगीने छातीवरची ती चकती पट्टीसकट ओढून काढली आणि त्यांच्या अंगावर फेकली. "पुन्हा माझ्यासमोर येऊ नका," ती म्हणाली. बाहेर पिस्तुलाचा आवाज झाला आणि लोक ओरडायला लागले. अकरा सेकंदांत ते ओरडणं संपलंही.

मी एक शब्द बोलले नाही.

सही केलेला करार मोडला म्हणून साहेबांनी कानसेनांना मालिकेतून काढलं. आता ते एका शाळेच्या सभागृहाचे माइक सांभाळतात. मी त्यांना एकदा म्हटलं, "मी तिला खरं सांगते." ते म्हणाले, "सांग की." त्यावर आमचं पुन्हा बोलणं झालेलं नाही.

लवंगीच्या छातीत आता एक छोटं यंत्र बसवलंय. ती पळत नाही. मालिकेच्या निमित्ताने तिची माझी ओळख वाढली, ती मला ताई म्हणते, आणि महिन्यातून एकदा तरी माझ्या खोलीत येऊन बसते. गेल्या आठवड्यातही आली होती. कानसेनांचा विषय निघाला. "भित्रा, लबाड म्हातारा," ती म्हणाली. "आधी स्वतःची चूक झाकली आणि मग शर्यतीच्या दिवशीच बोंब मारली. तुम्ही कसं हो त्याच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत?"

मी तिला आणखी चहा हवा का विचारलं.